भाटिया आंटींनी माझ्या नावाने बोललेला नवस

नोकरी लागली त्या दिवशी मी पेढे घेऊन वरच्या मजल्यावर भाटिया आंटींकडे गेलो. आंटींनी पेढा हातात घेतला, डोळे मिटले आणि छताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कर दिया उसने!"

त्यांच्या वर कोणी राहत नाही. पाण्याची टाकी आहे. म्हणून मी विचारलं, "किसने, आंटी?"

"बैंकॉक वाले ने!"

झालं होतं असं. गेल्या हिवाळ्यात आंटींची किटी पार्टी बँकॉक फिरायला गेली होती. तिथल्या चायनाटाऊनमध्ये एक देऊळ आहे आणि तिथला चिनी देव फटाफट ऐकतो, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. आंटींनी स्वतःसाठी मागायचं ते मागितलं आणि हात जोडलेलेच होते म्हणून आमच्या अख्ख्या बिल्डिंगसाठी मागितलं. माझ्या वाट्याला नोकरी आली. पण फुकट नाही. "मैंने बोल दिया, नच्चू खुद आएगा मत्था टेकने. मम्मी-पापा को भी लाएगा. लड्डू चढ़ाएगा."

"आंटी, मुझसे पूछ तो लेते!"

"बेटा, तब तू रजाई में बैठा रहता था. तुझसे क्या पूछती?"

आता इथे मला थोडं बोलायचंय. मी नचिकेत. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. हो, सोडलं, काढलं नाही. मग रजईत बसून फुकटचे व्हिडिओ बघून कोडिंग शिकलो. फरीदाबादमध्ये लाइट गेली की मोबाइलवर, मोबाइल संपला की डोक्यात. इंटरव्ह्यूला गेलो की पहिला प्रश्न "डिग्री?" आणि दुसरा प्रश्न नाहीच. असं करत करत गुरुग्रामच्या एका कंपनीत लागलो. स्वतः. एकट्याने. आणि क्रेडिट कुणाला? तर ज्याने माझा रेझ्युमे उघडूनही बघितला नाही अशा चिनी देवाला!

हे मी आईला चिडून सांगायला गेलो, तर आईचा चेहराच उतरला.

"नवस बोललाय? तुझ्या नावाने? आणि तू फेडला नाहीस?"

"अगं मी बोललोच नाही!"

"देवाला काय माहीत कोण बोललं ते. नाव तुझंच लागलंय ना तिथे?"

बाबा पेपर वाचत होते. बाबांचं, म्हणजे विश्वासरावांचं, आयुष्य बेअरिंगच्या कारखान्यात, क्वालिटी खात्यात गेलं. माल नाकारणं हा त्यांचा व्यवसाय होता आणि रिटायर झाल्यावरही ते तो मन लावून करतात. माझ्या कामाबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. नातेवाइकांनी विचारलं की म्हणायचे, "कॉम्प्युटरवर असतो." म्हणजे जसं मांजर पत्र्यावर असतं. मला खूप वाटायचं की नोकरी लागल्यावर तरी बाबा काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "प्रोबेशन किती दिवसांचं?"

पुढच्या पंधरवड्यात गीझर उडाला, माझी स्कूटी ओल्ड फरीदाबादच्या अंडरपासमध्ये बंद पडली, आणि बाबांचा पाय सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर मुरगळला. तो स्पीडब्रेकर गेली कित्येक वर्षं सगळ्यांचेच पाय मुरगळतोय, पण आईने एकेका गोष्टीला मान हलवली. "बघ. आठवण करून देतोय तो."

आमची आई, म्हणजे अरुणाबाई, एकदा मान हलवायला लागली की विषय संपला. पासपोर्ट काढायचे ठरले.

व्हेरिफिकेशनला कॉन्स्टेबल घरी आला. त्याला दोन शेजारी साक्षीला हवे होते, एक म्हणून भाटिया आंटी आल्या आणि दुसऱ्या म्हणूनही बोलायला लागल्या. बाबांवर कुठे केस आहे का, हा प्रश्न बाजूला राहिला. कॉन्स्टेबलने चहा घेत सगळा नवस ऐकला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भाई, सच्ची में लग गी नौकरी?"

"अंकल, मैंने पढ़ाई की थी," मी म्हणालो.

"वो तो म्हारा भतीजा भी करै सै," कॉन्स्टेबल म्हणाला. "देख, जा रे हो तो म्हारे भतीजे का भी कह दियो."

पासपोर्ट इतके पटकन आले की मला आजही संशय आहे. पण मग सगळीकडे बातमी झाली. दूधवाल्याची म्हैस गाभण राहत नव्हती. सोसायटीच्या सेक्रेटरीला वरच्या टाकीचं टेंडर पास करून हवं होतं. लक्ष्मीबाई नगरहून माझी कुमुदिनी आत्या खास मेट्रो बदलत आली, कारण आतोबांची बदली गुवाहाटीला होत होती आणि चिनी देव तिकडून जवळ पडतो, असं तिचं म्हणणं होतं. आई सगळं तोंडपाठ करत होती. स्वयंपाक करताना पुटपुटायची, "म्हैस गुवाहाटीला नको... नाही, म्हैस गाभण, बदली नको..."

आणि मला रजा मिळत नव्हती. प्रोबेशनमध्ये रजा नसते. विचार करा, नोकरी मिळाल्याचे आभार मानायला जायचं, तर नोकरी जायची वेळ! आमचा मॅनेजर शार्दूल पुण्याचा, मराठी, म्हणून मी त्याला खरं सांगायचं ठरवलं.

"शार्दूल, माझा एक नवस आहे. म्हणजे माझा नाही. शेजारच्या आंटींचा आहे, पण माझ्या नावावर."

"कुठे?"

"बँकॉकला."

शार्दूलने लॅपटॉप बंद केला. "नचिकेत, हे बघ, बँकॉकला जायला लोक काय काय कारणं देतात ते मी ऐकलंय. नवस पहिल्यांदा ऐकतोय."

"आईबाबांना घेऊन जातोय रे!"

"हां, मग खरं असेल," तो म्हणाला. "शुक्रवारची सुट्टी घे. गुरुवारी लॅपटॉपवर पाहिजेस मला. कस्टमरचं काही बिघडलं आणि तू सापडला नाहीस, तर प्रोबेशनचं माझ्या हातात नाही. आधीच सांगतो."

विमानतळावर सिक्युरिटीने आईची पिशवी उघडली. लाडू निघाले, उदबत्ती निघाली, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या निघाल्या. "मैडम, ये नहीं जाएगा. आग पकड़ता है."

"खोबरं?" आईने इकडेतिकडे पाहिलं. "आम्ही भाजीत घालतो ते!"

खोबरं भारतातच राहिलं. पर्समधली हळदीची डबी मात्र आत गेली. तिच्यावर कोणी लक्षच दिलं नाही. द्यायला हवं होतं, हे पुढे कळेल.

थायलंडच्या इमिग्रेशनला आईला विचारलं, कशासाठी आलात. आधी ऑनलाइन फॉर्ममध्ये 'नवस' असा पर्याय नसल्यामुळे मी 'इतर' निवडलं होतं. मी पुढे झालो, पण आई ज्या वेगाने इंग्लिश बोलायला लागली त्याला ब्रेक नव्हता. "चायनीज गॉड. माय सन. जॉब. थँक यू."

त्या ऑफिसरने 'जॉब' हा एकच शब्द धरला. मग मी इथे कुठे नोकरी करणार आहे, कोणी बोलावलंय, कागद कुठे आहेत. मी म्हणत होतो, नोकरी इंडियात आहे. तो विचारत होता, मग थँक यू इथे का? खरं सांगू? माझ्याही मनात तोच प्रश्न होता. शेवटी बाबांनी परतीची तिकिटं काचेवर चिकटवल्यासारखी धरली, तेव्हा सुटलो.

चायनाटाऊनमध्ये पोहोचलो. सोन्याची दुकानं, लाल पाट्या, फुटपाथवर तळणं, टुकटुक, आणि माणसांत माणूस. बाबा म्हणाले, "चांदनी चौक धुऊन वाळत घातला की असा दिसेल." त्यांना आवडलं असावं.

देऊळ एका गल्लीत होतं. लाल खांबांवर सोनेरी ड्रॅगन गुंडाळलेले, आत धुराचे लोट. बाबांनी दिल्लीच्या सवयीप्रमाणे एक बूट दाराच्या डावीकडे ठेवला आणि दुसरा पार उजवीकडे कुंडीमागे. जोडी फोडली की चोर नेत नाही. आम्ही आत गेलो आणि बघतो तर सगळे लोक बूट घालूनच उभे! बाबा मोज्यांवर पुढे झाले आणि सांडलेल्या मेणबत्तीच्या गरम मेणावर उभे राहिले. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो चिनी वाटावा असा होता.

मागून आवाज आला, "ओ जी! एक इधर, एक उधर? क्यों जी?"

एक पासष्टीच्या बाई बाबांचे दोन्ही बूट घेऊन उभ्या होत्या. बारीक, चष्मा, गळ्यात देवळाचं ओळखपत्र. आईचा जीव भांड्यात पडला. "आपको हिंदी आती है?"

"थोड़ा. मैं पाहुरात में, सरदार जी के कपड़ा दुकान में काम. बहुत साल." पाहुरात म्हणजे शेजारचा कापडबाजार, तिथे आपल्याकडचे बरेच व्यापारी आहेत. आता त्या देवळात सेवा करायच्या. आईने त्यांना लगेच ताई करून टाकलं.

ताईंनी आम्हाला प्रत्येकाला उदबत्त्या दिल्या. आईने त्या ओवाळायला सुरुवात केली. समोरच्या माणसाने मान मागे घेतली म्हणून त्याची भुवई वाचली. मग आईला नैवेद्याचं टेबल दिसलं. संत्री, चहाचे छोटे कप, आणि मधोमध एक आख्खं भाजलेलं बदक, मानेसकट.

"अहो," आई बाबांच्या कानात म्हणाली, "आज गुरुवार ना?"

"बदकाला काय माहीत," बाबा म्हणाले.

बदकाशेजारी आमचे लाडू मांडले. तितक्यात माझा फोन वाजला. शार्दूल. व्हिडिओ कॉल.

"नचिकेत, कस्टमरचं ऑर्डरचं पेज उघडत नाहीये. तुझ्या भागात आहे. आत्ता बघ."

"बघतो बघतो, दोन मिनिटं..."

"दोन मिनिटं नाहीयेत रे माझ्याकडे!"

आणि त्याच क्षणी आई मुख्य देवासमोर पोहोचली. लालभडक चेहरा, छातीवर रुळणारी काळी दाढी, हातात मोठं शस्त्र, चिलखत. आणि बाजूला घोडा! खरोखर घोडा, लाकडी, लोकांनी त्याच्यापुढे गाजरं ठेवलेली.

आमचं कुलदैवत खंडोबा. आई थबकली. "अहो... घोडासुद्धा आहे हो!"

तिचा हात पर्समध्ये गेला. मला कळलं काय होणार आहे. मी फोन हातात धरून धावलो. "आई, नको! आई!"

"येळकोट येळकोट जय मल्हार!"

हळद छतापर्यंत गेली. मग निवांतपणे खाली आली. ड्रॅगनवर, घोड्यावर, गाजरांवर, बदकावर, आणि पांढरा इस्त्रीचा शर्ट घातलेल्या एका गृहस्थांवर, ज्यांचं ते बदक होतं.

सगळं देऊळ गप्प झालं. त्या शांततेत माझ्या फोनमधून शार्दूलचा आवाज आला, "जय मल्हार!" सवयीने निघालं असणार. मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात, "अरे, तू जेजुरीला आहेस का? बँकॉक म्हणाला होतास ना?"

"बँकॉकच आहे!"

"नचिकेत, मला भंडारा दिसतोय."

खोटं बोललो असतो तर एवढं वाईट वाटलं नसतं. खरं बोलून खोटारडा ठरलो होतो, तेही प्रोबेशनमध्ये. "पेज चालू करतो, मग बोलू," म्हणालो आणि फोन ठेवला. खांबाजवळ स्टूल होतं. ताईंनी एका टेबलफॅनचा प्लग काढून मला जागा दिली. लॅपटॉप उघडला. बोटांना हळद होती, त्यामुळे की-बोर्डसुद्धा पिवळा झाला.

मी काम करत होतो तेव्हा जे झालं ते अर्धवट ऐकलं. गृहस्थ ओरडत होते. आई मराठीत माफी मागत होती. कोणीतरी ओलं फडकं आणि साबण आणला, आईने त्यांच्या शर्टला खसाखसा लावला. आणि हळदीला साबण लागला की काय होतं हे प्रत्येक मराठी बाईला माहीत असतं, पण घाईत आठवत नाही. शर्ट लाल झाला. कुंकवासारखा लाल.

मग एक म्हातारे आजोबा चिनीमध्ये काहीतरी म्हणाले. दुसरे कोणी हो म्हणाले. गृहस्थांनी शर्ट ताणून पाहिला. ताईंनी सांगितलं, "बोलते हैं, लाल अच्छा. देवता के सामने अपने आप लाल हुआ. बहुत लकी." गृहस्थांनी आईसोबत फोटो काढून घेतला.

मला इकडे घाम फुटला होता. चूक एका बारक्या ठिकाणी होती, काल रात्री दुसऱ्याच कोणीतरी बदललेली एक ओळ. ती सापडेपर्यंत मला देऊळ, धूर, काही दिसत नव्हतं. ओळ बदलली, पेज उघडलं. शार्दूलला मेसेज टाकला आणि सोबत देवळाच्या चिनी पाटीचा फोटो. त्याचं उत्तर आलं, "चालू झालं. मस्त. आणि सॉरी रे. माझ्याकडून पण नमस्कार कर."

मान वर केली तर बाबा शेजारी उभे होते. पाठीवर हात बांधून, स्क्रीनकडे बघत. केव्हापासून उभे होते कोण जाणे.

"अच्छा," ताई म्हणाल्या, "अब देवता से पूछना. गुस्सा है कि नहीं."

त्यांनी लाकडाचे दोन लाल तुकडे आणले. मोठ्या काजूसारखे, एक बाजू सपाट, एक फुगीर. जमिनीवर टाकायचे. एक सपाट आणि एक फुगीर वर आला तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. ताईंनी पुटपुटून टाकले. दोन्ही फुगीर. "गुस्सा नहीं!"

आईचे डोळे चमकले. "अगं बाई, हा तर कौल! मला द्या. हिंदीत विचारू का?"

"अपना भाषा में बोलो. वो समझता है."

आईने तुकडे कपाळाला लावले. "देवा, माझ्या नचिकेतला नोकरी तू लावलीस. हो ना?"

टाकले. दोन्ही फुगीर.

"नाही म्हणाला?" आईचा विश्वास बसेना.

"थांब," बाबा पुढे आले. क्वालिटीवाला माणूस गप्प बसणं शक्यच नव्हतं. "आधी हे बरोबर दाखवतात का बघू. फुगीरच पडत असतील तर काय?" त्यांनी तुकडे घेतले, वजन पाहिलं, कडा पाहिल्या, आणि देवाला खणखणीत आवाजात विचारलं, "माझं नाव विश्वास आहे का?"

एक सपाट, एक फुगीर.

"बरोबर दाखवतात," बाबा म्हणाले. "विचार परत."

आईने परत विचारलं. नाही. तिसऱ्यांदा अगदी विनवून विचारलं, "बघ हां, भाटिया बाईंनी तुलाच सांगितलं होतं." दोन्ही तुकडे घरंगळत बाबांच्या मोज्यांपाशी गेले. फुगीर, फुगीर.

आई मटकन खाली बसली. "मग नोकरी लावली कोणी?"

मी बोलणार होतो. सहा महिने ह्याच वाक्याची वाट पाहत होतो, उत्तर पाठ होतं. पण बाबाच बोलले.

"मघाशी बघितलं मी. तो स्टुलावर बसला, कोणाला काही विचारलं नाही. बिघडलेलं होतं. चालू झालं."

"काय बिघडलं होतं?"

"ते मला नाही कळलं," बाबा म्हणाले. "त्याला कळलं."

आईने माझ्याकडे पाहिलं. पिवळी बोटं, कपाळावर उदबत्तीची राख. तिला अजून खात्री होत नव्हती. शेवटचं म्हणून तिने तुकडे पुन्हा उचलले. "म्हणजे आमचा हा हुशार आहे, असं म्हणतोस?"

दोन्ही सपाट बाजू वर. हे आत्तापर्यंत झालंच नव्हतं. आम्ही तिघांनी ताईंकडे पाहिलं. ताई तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

"देवता हँस रहा है," त्या म्हणाल्या.

टॅक्सीत बसल्या बसल्या आईने भाटिया आंटींना फोन लावला. आम्ही चायनाटाऊनच्या ट्रॅफिकमध्ये जागच्या जागी उभे होतो. म्हशीचं सांगायचं राहूनच गेलं, हे तिच्या अजून लक्षात आलं नव्हतं.

"भाटिया जी? हां, हो गया दर्शन. सुनिए, भगवान ने खुद बोला. तीन बार बोला. नौकरी उसने नहीं लगाई. हमारे बेटे ने खुद लगाई. अपनी मेहनत से."

आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. तेही हिंदीत.

पलीकडून आंटींचा आवाज आख्ख्या टॅक्सीला ऐकू आला. "देखा? मैंने कहा था ना! कितना सच्चा भगवान है!"

मला काहीतरी बोलायचं होतं, पण ड्रायव्हरने अचानक ब्रेक मारला. आई फोनसकट पुढे गेली, मी सीटवर आपटलो. बाबा मात्र हलले नाहीत. त्यांनी माझी लॅपटॉपची बॅग दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.